मधल्या खोलीतला खळगा

जमीन पुसून झाली की सगळी खोली वाळून जायची, पण मधल्या खोलीतल्या एका खळग्यात पाणी उरलेलं असायचं. खळगा वरणाच्या वाटीएवढा. काठ उतरते, तळ खरखरीत. त्यात बोट फिरवलं तर रेतीचा कण न् कण वेगळा लागायचा, कारण त्यांना धरून ठेवणारं सिमेंट निघून गेलं होतं. पाणी मावायचं दोन-तीन चमचेच. तरी ते दुपारपर्यंत टिकायचं आणि कौलांच्या फटीतून आलेला उजेडाचा एक ठिपका त्यात हलत राहायचा.

हा खळगा संत्र्यांनी पाडला होता. आमची छोटी बाग रामाकोन्याच्या वाटेवर होती आणि दर हिवाळ्यात सौंसरच्या घरातल्या मधल्या खोलीत तणसावर संत्र्यांचा ढीग लागायचा. तळाची काही फळं दबून फुटायची आणि रस तणसातून कोब्यावर झिरपायचा. आंबट रस आणि सिमेंटमधला चुना एकत्र आले की काय होतं, हे मी शाळेत दर वर्षी मुलींना दाखवत असे. चुनखडीचा खडा लिंबाच्या रसात टाकायचा. बुडबुडे येतात, खडा झिजतो, मुलींना गंमत वाटते. आमच्या घरात हाच प्रयोग माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

मी पांढुर्ण्याची. नागपूरला बी.एस्सी. केलं आणि लग्नानंतर सौंसरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. मनोहर, माझे यजमान, तहसिलात कारकून. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, केसरबाई. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामी म्हणायची.

कोबा मामींच्या यजमानांनी, भगवंतरावांनी, घातला होता. तोवर सगळं घर मातीचं होतं. सिमेंट आल्यावरही मामींचा हात काही ऐकेना. पहिल्या वर्षी त्यांनी त्या नव्या कोब्यावरसुद्धा शेणानं सारवलं होतं म्हणे. पुढे घरातलं सारवणं सुटलं, अंगणातलं राहिलं. मामी डावऱ्या. त्यामुळे सारवताना उमटणाऱ्या त्यांच्या बोटांच्या कमानी शेजारणींपेक्षा उलट्या बाजूला कलायच्या. शेजारची चंद्रकला म्हणायची, "केसरकाकीचं अंगण उलटं वाचा लागते."

१९८६ च्या त्या हिवाळ्यापूर्वी तीन वर्षं घरात एक विषय अडून बसला होता, तो म्हणजे मामींचे डोळे. छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता. पहिल्या वर्षी ते म्हणाले, पिकू द्या. पुढच्या वर्षी म्हणाले, आता करून घ्या. तेव्हापासून मामी म्हणत, "पुढच्या थंडीत करू." पांढुर्ण्याला दर पौषात शिबिर भरायचं. ऑपरेशननंतर काही दिवस पट्टी बदलायला तिथंच राहावं लागे, आणि माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आम्हाला ही सोय वाटायची. मामींना नेमकी हीच अडचण होती.

"विहिणीच्या घरी डोयाले पट्टी बांधून पडू काय? तिनं माह्या तोंडात घास घालाचा? लोकं काय म्हणतीन, पोराची माय खाटेसकट सुनेच्या माहेरी गेली!"

लग्नापासून त्या माझ्या आईकडे घोटभर चहापुरत्याच बसल्या होत्या. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण वत्सला. त्यांची धाकटी बहीण. तिचा डोळा असाच एका शिबिरात केला होता. नंतर त्यात पू झाला आणि होता तेवढा उजेडही गेला. तिचं नाव मामी या संदर्भात कधी काढत नसत. आम्हीही काढत नसू.

आणि घाई तरी काय, असं वाटे. मामी घरभर सरळ चालायच्या. चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून दारापुढच्या छपरीपर्यंत, कुठं धडकत नसत, कशाला चाचपडत नसत. संत्री निवडताना फळ तळहातावर एकदा उडवून सांगायच्या, हे नागपूरले जाईन, हे घरी खा. तांदूळ निवडायच्या. दिसतंय तेवढं पुरतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

कोब्याचा विषय मी काढला. झाडलं की रोज केरात करडी रेती निघायची. पावसाळ्यात भेगेतून विंचू निघाला होता. संत्री यायच्या आधी काम उरकलं तर बरं.

"काहून?" मामी म्हणाल्या. "पाय ठेवाले जागा नाई का?"

"रोज केरात रेती निघते, मामी."

"निघू दे. घरचीच रेती आहे, कोणाची चोरली नाई. पुढच्या सालात करू."

मनोहर जेवत होते. ते हसले. "आई, तुह्या पुढच्या सालात लय गर्दी झाली. डोया पुढच्या सालात, कोबा पुढच्या सालात. त्यानं तरी सगळं कोठी ठेवावं?"

"तू गप जेव. भाजीत मीठ नाई ते तुले समजलं नाई अजून, अन् सालाचं सांगते."

खरंच भाजीत मीठ नव्हतं. पण या वेळी मनोहर अडून बसले आणि दिवाळीनंतर तिगावचा गुणवंता मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

गुणवंता उंच, बोलका आणि आपल्या कामाचा गर्व असलेला माणूस होता. त्यानं आधी छन्नी-हातोडीनं जुन्या कोब्यावर सगळीकडे टाचे मारले. गुळगुळीत जागेवर नवा माल धरत नाही. मग घमेल्यानं धूळ काढली, पाणी मारलं. खळग्यापाशी मी त्याला थांबवलं. त्या जागेत वर्षानुवर्षांचा रस मुरलेला. साखर सिमेंटला आळू देत नाही, वरून घातलेला माल तिथंच भुसभुशीत राहिला असता. मी धुण्याच्या सोड्याचं पाणी करून आणलं आणि ब्रशनं तो खळगा घासला, पुन्हा घासला, मग साध्या पाण्यानं धुतला.

"बाई कोब्याले आंघोळ घालून राहिल्या," गुणवंता छपरीकडे तोंड करून म्हणाला. "काकी, हळद-कुंकू आणा आता."

मामी छपरीत खांबाला टेकून बसल्या होत्या. इतर वेळी त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मधला खड्डाबी भरशीन का?"

"भरल्याबिगर? असा भरतो का संत्रं ठेवलं तं घरंगळत सडकेवर जाईन."

"थोडकासा राहू द्याचा होता."

"घ्या! लोकं मले खड्डे भराले बलावतात, काकीले खड्डा पायजे. कोंबडी बसवाची आहे का त्यात?"

मामी हसल्या नाहीत. त्यांची मान छन्नीच्या आवाजाच्या बाजूला वळलेली होती आणि आवाज जिथं जाई तिथं ती थोडी थोडी वळत होती. मला वाटलं, नवऱ्यानं घातलेला कोबा फुटतोय, म्हणून जीव तुटत असेल. तसा अर्थ लावायला सोपा होता.

दुसऱ्या दिवशी गुणवंतानं सिमेंटचा पातळ घोळ पसरला, त्यावर माल टाकला, लाकडी पाटा ओढून सारखा केला. मी शाळेत जायला निघाले तेव्हा तो उकिडवा बसून मागे मागे सरकत घोटाई करत होता. मागे ओली, काळपट, चकचकीत जमीन राहत होती. दुपारी काम संपवून तो जेवायला गेला आणि जाताना मामींना बजावून गेला, "काकी, राखण तुमच्याकडे. माणूस नाई, कुत्रं नाई, मांजर नाई. संध्याकायी येऊन पाहून जातो."

संध्याकाळी मी शाळेतून आले. छपरीच्या दारातून आत पाहिलं आणि तिथंच थांबले.

उंबऱ्याला लागून, नव्या कोब्यावर, बोटांच्या कमानी उमटल्या होत्या. चार बोटं, एकाखाली एक, अर्धवर्तुळात फिरवलेली. अंगण सारवताना उमटतात तशाच, पण वीतभरच जागेत. मी घराला वळसा घालून मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात गेले. तिथल्या दारापाशीही तशाच कमानी. झोपायच्या खोलीच्या दारापाशीही. जिथं दाराबाहेरून हात पोचेल तिथं, फक्त तिथं. मध्ये सगळं साफ.

मामी छपरीत बसल्या होत्या, हात पदराखाली.

एवढ्यात गुणवंता आला. त्यानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कोणाचं पोट्टं घुसलं होतं? काकी, तुम्हाले बसवलं होतं ना राखणीले!"

"मांजर असन," मामी म्हणाल्या.

"मांजर सारवते का काकी? तेबी तीन दारायशी?" तो घोटायचा गुरमाळा काढून दारात बसलाच. "नशीब, अजून कच्चं आहे. थोडंसं पाणी-सिमेंट मारतो, घोटून टाकतो. दिसनारबी नाई."

मी कमानींकडे पाहत होते. त्या उलट्या बाजूला कललेल्या होत्या.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. छपरीच्या उंबऱ्याशी जुन्या कोब्यात एक पोपडा निघालेला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी पाटा-वरवंटा ओढून ओढून खाच पडली होती. झोपायच्या खोलीच्या दाराशी एक आडवी भेग. मधे खळगा. मामी घरात कधीच चप्पल घालत नसत, थंडीतही नाही, आणि पाऊल उचलून टाकण्याऐवजी किंचित घासत नेत. मी ते वयाचं लक्षण समजत होते. मनोहर आल्याचं त्या सायकलच्या चेनच्या आवाजावरून ओळखायच्या. तांदूळ निवडताना त्यांची मान ताटाकडे नसायची. गोष्टी सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. फक्त त्यांची बेरीज मी केली नव्हती.

"थांबा," मी गुणवंताला म्हटलं. "राहू द्या ते."

"काय राहू द्या?"

"दारापाशी नक्षी असू द्या. मला आवडली."

"नक्षी? बाई, उद्या लोकं म्हणतीन गुणवंतानं कोबा केला का शेणानं सारवलं! माह्या कामाले बट्टा आहे हा."

"कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग मामींकडे पाहिलं, मग गुरमाळा पिशवीत टाकला. "शिकलेल्या लोकायचं काही समजत नाई बाप्पा," असं पुटपुटत त्यानं पाणी मारायच्या सूचना दिल्या आणि तो गेला.

मी त्यांच्या पदराखालचा डावा हात ओढून बाहेर घेतला. ओलं सिमेंट तिखट असतं, कातडी खातं. बोटांची टोकं लाल झाली होती, दोन जागी साल निघाली होती. मी मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं आणि हात त्यात धरून ठेवला, पाणी बदलत राहिले. मग खोबरेल लावलं.

"चुलीपाशी भाजलं," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं.

पुढचा आठवडा आम्ही छपरीत आणि स्वयंपाकघरात काढला. कोब्यावर मातीची वरंबी घालून पाणी साठवलं होतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं, हे मनोहरना पटवायला मला एक संध्याकाळ लागली. त्या दिवसांत मामींनी तांदळाचं ताट हातात घेतलं आणि खाली ठेवलं. बोटांच्या टोकांना काही कळत नव्हतं. "तूच निवड," त्या म्हणाल्या, "मले कंटाया आला." बागेतून पहिली संत्री आली तेव्हा त्यांनी फळ तळहातावर उडवलं, वजन सांगितलं, पण साल चाचपायला गेल्या आणि हात मागे घेतला.

रविवारी वरंबी काढली, पाणी सोडून दिलं, जमीन पुसली. मनोहर बागेत गेले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. दुपारच्या उजेडात खोली पहिल्यांदाच एका तुकड्याची वाटत होती.

मामी छपरीच्या दारातून आत आल्या. उंबऱ्यापलीकडे त्यांचं पाऊल त्या कमानींवर पडलं आणि चेहरा सैल झाला. अंगठा कमानींवरून एकदा फिरवला. मग त्या निघाल्या, नेहमीसारख्या, पाऊल घासत, सरळ. खोलीच्या मध्याशी त्यांची चाल मंदावली. उजवं पाऊल पुढं गेलं, थोडं डावीकडे गेलं, मागं आलं. काही लागत नव्हतं. त्या आणखी थोडं चालल्या, पण आता तिरक्या, आणि देव्हाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून थांबल्या. हात पुढं आला आणि हवेतच राहिला.

मी हलले नाही. मला जायचं होतं, पण त्यांनी हाक मारल्याशिवाय गेले असते तर त्यांनी पुन्हा काहीतरी कारण सांगितलं असतं.

"इंदू?" त्या भिंतीला म्हणाल्या. "मी कोठी आहो वो?"

मी जाऊन त्यांचा हात धरला. आम्ही दोघी तिथंच, नव्या कोब्यावर, खाली बसलो. जमीन अजून गार होती.

"मामी, दिसतं किती?"

"दिवस आहे का रात, तेवढं. दारात कोणी उभं राहिलं तं काही कायं कायं हलते."

"आम्हाला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तं तुम्ही दोघांनी उचलून नेलं असतं मले. वत्सलेले असंच नेलं. तिचा पोरगा म्हणे, काही होत नाई, काही होत नाई." वत्सलेचं नाव या विषयात त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. "तिले माह्यापेक्षा जास्त दिसत होतं तेव्हा. आता ती भित्तीशी बोलते. आताच मी बोलली तशी."

मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. "दिवाळीत माहेरी गेले तेव्हा मी शिबिराच्या डॉक्टरांना भेटून आले. एका वेळी एकच डोळा करतात. ज्यानं कमी दिसतं तो. दुसऱ्याला हात लावत नाहीत. बहुतेकांना दिसायला लागतं. जाड भिंगाचा चष्मा लागतो. काहींना दिसत नाही."

"काहींले नाई."

"नाही."

"मन्या तं म्हणते, सगळ्यायले दिसते."

"त्यांना माहीत नाही."

मामी हसल्या, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "तुले खोटं बोलता येत नाई वो अजून. 'नक्षी आवडली' म्हणे! गुणवंताबी फसला नाई त्याले."

"तुम्हाला हवा असेल तर इथं मधे एक खळगा पाडून देते," मी म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हणत होते. "गुणवंताला बोलावते. वाटीएवढा. पहिला होता तिथंच. मग सगळं पूर्वीसारखं चालता येईल."

उजवा तळहात त्यांनी जमिनीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला, पोहोचेल तेवढा. तो कुठंच अडला नाही.

"काचेसारखा गुळगुळीत झाला," त्या म्हणाल्या. "रंग कसा आला?"

"राखाडी. दुपारी उजेड पडला की निळसर दिसतो."

"निळसर?"

"हो. आत्ता दिसतोय तसा. तुमच्या हाताच्या पुढं, खिडकीचा चौकोन पडलाय."

त्यांनी मान तिकडे वळवली. बराच वेळ तशीच ठेवली. बाहेर चंद्रकला कोणाला तरी ओरडत होती, सडकेवरून नागपूरची बस गेली, तिची धडधड जमिनीतून आमच्यापर्यंत आली.

"खड्डा नको पाडू," मामी म्हणाल्या. "चांगला कोबा कायले फोडतं? उद्या दुसरा खड्डा लागन, परवा तिसरा. अशी खड्ड्याखड्ड्यानं किती दिवस चालू?"

मग त्यांनी भाजलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं आणि बाजूच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुह्या मायले सांग, विहीण येऊन राहिली. चहाले नाई, राहाले. या पौषात मी डोया करून घेतो."